पतपेढीचा जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर का अडतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लालबागची पतपेढी. २००३ साली ओळखीच्या एका गृहस्थांनी व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी६) या भाषेत लिहून दिलेला प्रोग्राम, मागे अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल, म्हणजे सगळ्या नोंदींचा डेटाबेस. ते गृहस्थ आता हयात नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून संचालकांनी विंडोज ११ चे दोन नवे पीसी घेतले. हार्डवेअरवाल्या मुलाने एकावर प्रोग्रामचं फोल्डर नुसतं कॉपी केलं, दुसऱ्यावर जुन्या सीडीवरून सेटअप चालवून जुन्या पीसीची एमडीबी टाकली. पहिल्यावर प्रोग्राम उघडतानाच ‘रन-टाइम एरर ३३९’ येते आणि एमएसकॉमसीटीएल नावाची ओसीएक्स फाइल नीट रजिस्टर नाही असं सांगते. दुसऱ्यावर उघडतो, पण रोखपालाच्या लॉगिनला एक शिल्लक दिसते आणि तुमच्या लॉगिनला दुसरीच. पिग्मी मशीनमधला, म्हणजे दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्या एजंटाच्या यंत्रातला, भरणा कुठल्याच पीसीवर उतरत नाही. २००३ च्या आधीच्या नोंदी डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो डेटाबेसात आहेत, त्या तर उघडायलाच तयार नाहीत. आणि संचालक मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो अपडेट कायमचे बंद करून टाका, दुसरा म्हणतो व्हीबी मेलं, सगळं नव्याने लिहून घ्या.

दोघांचंही ऐकू नका, निदान या महिन्यात तरी.

आधी आज संध्याकाळचं काम. दुसऱ्या पीसीवरची एंट्री ताबडतोब थांबवा. व्यवहार हाताने व्हाउचरवर घ्या, दोन दिवस चालतं, आपल्या आधीच्या पिढीने वीस वर्षं तेच केलंय. जुना पीसी भंगारवाल्याला दिला नसेल तर देऊ नका. त्याची नेटची वायर काढा आणि आहे तसा राहू द्या. पुढची निम्मी उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

आता ३३९. लोकांना वाटतं, एक्झी फाइल म्हणजे प्रोग्राम. व्हीबी६ ची एक्झी एकटी काहीच करू शकत नाही. तिला चालवणारं रनटाइम, म्हणजे एमएसव्हीबीव्हीएम६० ही डीएलएल, विंडोज ११ मध्येही येते आणि जोवर ती विंडोज सपोर्टमध्ये आहे तोवर हे रनटाइमही सपोर्टमध्ये राहील असं मायक्रोसॉफ्टचं जाहीर धोरण आहे. प्रोग्राम लिहायचं साधन, ज्याला आपण आयडीई म्हणतो, त्याचा सपोर्ट मात्र ८ एप्रिल २००८ ला संपला. ‘व्हीबी मेलं’ म्हणणारे या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. पण ग्रिड, टूलबार, याद्या दाखवणारी लिस्टव्ह्यू या गोष्टी ज्या ओसीएक्स फायलींत असतात, त्या विंडोजच्या नाहीत. त्या प्रोग्रामरने सोबत आणायच्या आणि सेटअपने विंडोजच्या फोल्डरात ठेवून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, त्यांची नोंद करायची. नुसतं फोल्डर कॉपी केलं की हे सगळं मागे राहतं. बिऱ्हाड हलवलं पण गॅसचं कनेक्शन जुन्याच पत्त्यावर राहिलं, तसं.

उपाय सोपा आहे. जुन्या पीसीवरून ती ओसीएक्स घ्या. ‘फ्री डीएलएल डाउनलोड’ वगैरे साइटवरून अजिबात घेऊ नका, पतपेढीच्या पीसीवर तर नाहीच. ती विंडोज फोल्डरमधल्या सिसवाऊ६४ मध्ये टाका आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सिसवाऊ६४ मधल्याच रेगएसव्हीआर३२ या आज्ञेने रजिस्टर करा. इथे नव्वद टक्के लोक घसरतात, कारण नावं उलटी आहेत. ३२-बिट फायली, तुमच्या व्हीबी६ च्याही, ‘६४’ नावाच्या फोल्डरात राहतात आणि ६४-बिट फायली ‘सिस्टिम३२’ मध्ये. जुनं सुसंगत ठेवण्याच्या नादात मायक्रोसॉफ्टने करून ठेवलेला हा घोळ आता कोणी निस्तरणार नाही. पहिली फाइल रजिस्टर झाली की प्रोग्राम बहुतेक दुसरी मागेल, मग तिसरी. प्रत्येकीचं नाव वहीत लिहून ठेवा. ही यादी म्हणजे तुमच्या प्रोग्रामचं पहिलं कागदपत्र. गेल्या बावीस वर्षांत ते कोणी केलं नव्हतं.

दोन शिलकींचं प्रकरण जास्त गंभीर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी आणि दुकानोदुकानी सगळेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असायचे. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवायचा आणि डेटाही तिथेच त्याच्या शेजारी लिहायचा, असा सर्रास रिवाज होता. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजने साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची बंदी केली. पण तशी बंदी सरळ लागू केली असती तर हजारो जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते. म्हणून त्यांनी एक चलाखी केली. जुन्या धाटणीचा ३२-बिट प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला ‘झालं हं’ म्हणते आणि प्रत्यक्षात त्या फाइलची प्रत त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या आडबाजूच्या फोल्डरात करून तिच्यात लिहिते. प्रोग्रामला काहीच कळत नाही. माणसालाही कळत नाही. आणि प्रत्येक लॉगिनची प्रत वेगळी.

तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. रोखपालाच्या नोंदी त्याच्या प्रतीत, तुमच्या तुमच्या प्रतीत, आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मधली मूळ एमडीबी सेटअपच्या दिवशी होती तिथेच. खात्री करायची असेल तर प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. तिसरीच शिल्लक दिसेल, कारण तसं उघडलं की ही चलाखी बंद होते आणि मूळ फाइल समोर येते.

२०१२ च्या सुमारास मशीद बंदरच्या एका मसाल्याच्या पेढीवर मी हाच प्रकार पाहिला. दोघं भाऊ, एकच पीसी, दोन लॉगिन. धाकट्याने लिहिलेली उधारी थोरल्याला दिसायची नाही, थोरल्याने जमा केलेले पैसे धाकट्याला. महिनाभर दोघं एकमेकांकडे संशयाने बघत होते, बायकाही एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. मी ते फोल्डर उघडून दोन एमडीबी शेजारी शेजारी दाखवल्या, तेव्हा थोरला नुसता खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “चहा सांग रे.” धाकट्यानेच सांगितला.

दोन प्रती आपोआप एकत्र करायला जाऊ नका. दोन्हींत पावती क्रमांक तेच पडलेले असणार, एकाच क्रमांकाखाली दोन वेगळे व्यवहार. ज्या प्रतीत जास्त नोंदी आहेत, बहुधा रोखपालाची, ती आधार धरा. दुसरीतल्या नोंदींची छापील यादी काढा, व्हाउचरशी ताळा करा आणि त्या हाताने पुन्हा चढवा. रोजकीर्द जुळली तरच पुढे जा. मग प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मधून बाहेर काढून सी ड्राइव्हवर थेट एका साध्या फोल्डरात ठेवा, आणि दोन्ही पीसींनी तीच एक एमडीबी शेअर करून वापरायची, हे नक्की करा.

पिग्मी मशीन. जुन्या पीसीला मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट होतं, नव्याला नाही. म्हणून मुलाने लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-टू-सीरियल केबल आणली असणार. डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा. केबलपुढे पिवळा त्रिकोण आणि ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ अशा अर्थाचा मजकूर दिसला, तर आतली चिप जुन्या पिढीची किंवा नक्कल आहे आणि विंडोज अपडेटमधून आलेला नवा ड्रायव्हर तिला ओळखून नाकारतोय. ड्रायव्हर मागच्या आवृत्तीला नेऊन चालवणारे बरेच आहेत, पण पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. चांगल्या चिपची केबल घ्या, दोन-पाचशे रुपयांचा प्रश्न आहे. केबल ठीक असेल तर पोर्टचा नंबर बघा. तुमचा प्रोग्राम कॉम१ धरून बसलेला असेल आणि विंडोजने केबलला कॉम७ दिला असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्येच पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो बदलता येतो. व्हीबी६ चं सीरियल कंट्रोल १६ च्या पुढचा नंबर घेतही नाही. आणि हो, ते कंट्रोल ही आणखी एक ओसीएक्स, एमएसकॉम३२. वहीतल्या यादीत तीही येईल.

फॉक्सप्रोचं दुखणं निराळं आहे. डॉसचे प्रोग्राम चालवणारा जो भाग विंडोजमध्ये होता, तो फक्त ३२-बिट विंडोजमध्ये होता आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे इथे काही बिघडलेलं नाही, तो दरवाजाच भिंत घालून बंद केलाय. डॉसबॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालेल. आपल्या कित्येक कॉलेजांत सी भाषा अजून त्यातल्या टर्बो सीवरच शिकवतात, निळा पडदा आणि सगळं. पण तुम्हाला फॉक्सप्रो चालवायचंच कशाला? जुन्या नोंदी नुसत्या बघायच्या आहेत ना? डीबीएफ फायली लिबरऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. एकच अडचण येऊ शकते. सभासदांची नावं मराठीत असतील आणि त्या काळी पीसीत सीडॅकचं भारतीय लिपी दाखवणारं जिस्ट कार्ड असेल, तर ती नावं आजच्या युनिकोड या अक्षरसंकेतात नसून जुन्या इस्कीमध्ये असणार. कॅल्कमध्ये ती कचऱ्यासारखी दिसतील. घाबरू नका, तो कचरा नाही. इस्की हे ठरलेलं भारतीय मानक आहे आणि त्याचं युनिकोड करता येतं. फाइलवर सेव्ह मात्र मारू नका, आधी प्रत काढा.

आता तो पहिला तट, अपडेट बंद करा म्हणणारा. तुमच्या चार तक्रारींपैकी एकीतही महिन्याच्या अपडेटने प्रोग्राम मोडलेला नाही. मोडलं ते पीसी बदलताना. पण त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही, हेही खरं. १३ ऑगस्ट २०१९ च्या अपडेटनंतर व्हीबी६ आणि त्याची भावंडं व्हीबीए, व्हीबीस्क्रिप्ट यांचे प्रोग्राम ‘इन्व्हॅलिड प्रोसीजर कॉल’ म्हणून अडकू लागले होते. मायक्रोसॉफ्टने ते कबूल केलं आणि काही दिवसांत दुरुस्ती दिली. ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटने जेट ड्रायव्हरचं, म्हणजे एमडीबीसारख्या फायली हाताळणाऱ्या भागाचं, एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फायली वाचणं बंद पाडलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅक्सेस ९७ च्या ज्या फायलींत रकान्याचं नाव ३२ अक्षरांपेक्षा लांब होतं, तेवढ्याच उघडेनाशा झाल्या. एवढी बारीक अट, पण ज्याच्या डेटाबेसमध्ये तसं नाव होतं त्याचं दुकान बंद.

यावरून मी एक ठोकताळा धरलाय. बिघाड अपडेटच्या दुसऱ्या दिवशी आला आणि जगभर तीच ओरड सुरू असेल, तर चूक त्यांची. सेटिंगमधल्या अपडेट हिस्टरीतून ते अपडेट काढायचं आणि थांबायचं. प्रोग्रामला हात लावायचा नाही, त्यात काही दुरुस्त करायला जाणं म्हणजे आजारी शेजारी आणि औषध आपण घेतल्यासारखं. बिघाड फक्त तुमच्याकडे असेल तर तुमचा प्रोग्राम अशा कशावर तरी टेकून उभा आहे, ज्याची हमी कोणी कधी दिलीच नव्हती. मग ते काय, हे शोधायचं.

अपडेट कायमचे बंद करण्याचा धोका कळायला फार लांब जायला नको. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा समोर खाडीपलीकडे न्हावा शेवाला एका कंटेनर टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं. तो ज्या वाटांनी पसरत होता, त्यांतल्या एका विंडोजच्या फटीचं ठिगळ त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन झालेलं होतं. लोकांची ठेव सांभाळणाऱ्या संस्थेने हा जुगार खेळू नये.

तेव्हा मधला मार्ग. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट अमेरिकेतल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री उशिरा किंवा बुधवारी. दोन पीसींपैकी एक त्याच आठवड्यात अपडेट होऊ द्या, ज्यावर ठेवीदार रांगेत उभे नसतात तो. दुसऱ्यावर ‘पॉज अपडेट्स’ने दोन आठवडे थांबा, पाच आठवड्यांपर्यंत थांबता येतं. पहिल्यावर रोजकीर्द, तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि पिग्मीचा भरणा हे तिन्ही चालले की दुसऱ्याचंही पॉज काढा. मार्चअखेर मात्र दोन्ही पॉज.

दुसरा तट, नव्याने लिहा म्हणणारा, शेवटी बरोबर ठरणार आहे. फक्त घाईने नाही. आधी सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, शोधा. व्हीबीपी, एफआरएम, बीएएस या तीन प्रकारच्या फायली. त्या गृहस्थांच्या घरी फोन करून नम्रपणे विचारा. मी असाच एकदा डोंबिवलीला गेलो होतो. काकूंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून सीड्या काढून दिल्या, वर मार्करने लिहिलेलं: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’. तिसरी वाचली जाईना. दुसरीत सोर्स होता, पण चालू एक्झीपेक्षा दीड वर्ष जुना. तरी त्या दीड वर्षं जुन्या सोर्सने आमचे तीन महिने वाचवले, कारण व्याजाचा हिशेब तिथे दिसला.

व्याजाचाच मुद्दा कळीचा आहे. व्हीबी६ चा राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारी आज्ञा, १२.५ चे १२ करतो आणि १३.५ चे १४. नेमका अर्धा आला की तो जवळच्या सम संख्येकडे जातो. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. एक्सेलचा राउंड १२.५ चे १३ करतो. आणि गंमत म्हणजे, व्हीबी६ मध्येच राउंडऐवजी फॉरमॅट ही आज्ञा वापरून आकडा पूर्णांकात छापला, तर तोही १३ छापतो. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये खात्यावर १२ चढलेले आणि पासबुकावर १३ छापलेले असू शकतात. ज्यांच्याकडे हे काम द्याल त्या मुलांना त्यांच्या भाषेचा राउंड कसा वागतो हे बहुधा माहीत नसतं, त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. दोन हजार पिग्मी खात्यांत कुठे एक रुपया इकडे, कुठे एक तिकडे. ठेवीदार रुपयासाठी भांडणार नाही, पण तेरीज जुळणार नाही आणि लेखापरीक्षक सोडणार नाही. म्हणून करारात लिहून घ्या: तीन महिने जुना आणि नवा प्रोग्राम समांतर चालेल, आणि खातेनिहाय व्याज पैशापर्यंत जुळल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.

प्रोग्रामच्या फोल्डरात व्हीबीएस एक्स्टेन्शनच्या फायली सापडल्या, बॅकअप घेणाऱ्या वगैरे, तर तेवढ्या आत्ताच बदलून घ्या. व्हीबीस्क्रिप्ट ही वेगळी भाषा आहे आणि ती विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढली जाणार असल्याचं ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर झालंय.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. मी १९९८ ला सीप्झमध्ये वायटूकेच्या, म्हणजे दोन अंकी वर्षामुळे २००० साल चुकू नये यासाठीच्या, कामावर कोबोल भाषेच्या ओळी वाचत बसायचो, त्यामुळे दोन अंकी वर्ष दिसलं की माझा हात आपोआप थांबतो. व्हीबी६ ला तारीख ‘१५/०६/३०’ अशी दिली, तर जुन्या मूळ नियमाप्रमाणे ०० ते २९ म्हणजे २००० नंतरची वर्षं आणि ३० ते ९९ म्हणजे १९०० ची. ही मर्यादा विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये बदलता येते, त्यामुळे तुमच्या जुन्या आणि नव्या पीसीवर ती वेगळी असू शकते. तुम्ही २०२५ पासून पाच वर्षांच्या मुदत ठेवी घेताय, त्यांची मुदत २०३० मध्ये संपते. एमडीबीची प्रत काढून तिच्यावर एक खोटी ठेव चढवा, मुदतीचं वर्ष नुसतं ‘३०’ टाका आणि काय साठतं ते बघा. १९३० साठलं तर उद्यापासून रोखपालाला वर्ष चार अंकी टाकायला सांगा. मग ठेवींचं टेबल मुदतीच्या तारखेप्रमाणे चढत्या क्रमाने लावा. चुकलेल्या पावत्या सगळ्यात वर येतील. त्या एकेक करून मूळ पावतीशी ताडून दुरुस्त करा आणि प्रत्येक दुरुस्तीवर तुमची सही ठेवा.